नाव त्याचंच, घर आपलं

१९ सप्टेंबर २०१२ रोजी मोरोक्कोच्या न्याय मंत्रालयातून एक परिपत्रक निघालं. न्यायमंत्री मुस्तफा रमीद यांनी त्यातून देशभरातल्या सरकारी वकिलांना सूचना दिली होती : सोडून दिलेलं मूल सांभाळायला मागणारा परदेशी अर्जदार मोरोक्कोत कायम वास्तव्याला नसेल, तर त्याच्या अर्जाला न्यायालयात विरोध करा. त्या काळात रबातच्या लल्ला मेरियम बालकेंद्रात आणि इतर शहरांतल्या अशाच संस्थांमध्ये स्पेन, फ्रान्स, अमेरिकेतून आलेली जोडपी ये-जा करत होती. काहींची मुलाशी गाठ घालून दिली होती, लळा लागला होता, कागदपत्रं पुरी होत आली होती. परिपत्रक आलं आणि सगळं जिथल्या तिथे थांबलं.

परदेशी दत्तकाच्या वाटेत असे अडथळे नवे नाहीत. या प्रसंगातली थक्क करणारी गोष्ट वेगळीच आहे. परिपत्रक निघालं नसतं, तरी यांपैकी एकाही जोडप्याला मोरोक्कोच्या कायद्याने मूल दत्तक मिळणार नव्हतं. मोरोक्कोच्या २००४च्या कौटुंबिक कायद्याचं १४९वं कलम दत्तकाला कायदेशीर मोलच देत नाही. शेजारच्या अल्जीरियाच्या १९८४च्या कायद्यात तर ४६व्या कलमाने दत्तकावर सरळ बंदी आहे. ही जोडपी ज्यासाठी रांगेत उभी होती, त्या व्यवस्थेचं नाव कफाला. मूल घरी आणायचं, जेवूखाऊ घालायचं, शिकवायचं, आजारपणात उशाशी बसायचं, पोटच्या पोरासारखं वाढवायचं. पण ते आपल्या रक्ताचं आहे असं कधीही, कुठल्याही कागदावर म्हणायचं नाही. त्याचा जन्म ज्यांच्या पोटी झाला, वंश त्यांचाच राहतो.

(आखातात नोकरीला गेलेल्या आपल्या कोकणातल्या माणसांना ‘कफील’ म्हणजे व्हिसा देणारा मालक एवढंच माहीत असतं. ती कामगारांची व्यवस्था वेगळी. इथे कफील म्हणजे मुलाची जबाबदारी शिरावर घेणारा पालक.)

प्रेम पूर्ण द्यायचं आणि नातं मात्र बदलायचं नाही, हे कोडं कुठून आलं?

झैदची दोन नावं

त्याची मुळं सातव्या शतकातल्या अरबस्तानात आहेत. इस्लामपूर्व अरब समाजात दत्तकाची चाल होती. दत्तक मुलगा बापाचं नाव लावायचा, सख्ख्या मुलासारखा गणला जायचा. परंपरेत सांगितलेली झैदची कथा याच चालीने सुरू होते. कल्ब टोळीतला हा मुलगा लहानपणी लुटारूंच्या हाती सापडला, गुलाम म्हणून विकला गेला आणि खदीजा यांच्या घरी पोचला. त्यांनी तो पती मुहम्मद यांना दिला. पुढे झैदचा बाप हारिसा त्याला शोधत मक्केला आला. खंडणी देऊन मुलाला सोडवायची त्याची तयारी होती. मुहम्मदांनी खंडणी नाकारली आणि निर्णय झैदवर सोपवला. झैद म्हणाला, मी इथेच राहतो. तेव्हा मुहम्मदांनी काबाजवळ जाऊन तो आपला मुलगा असल्याचं जाहीर केलं आणि लोक त्याला झैद इब्न मुहम्मद म्हणू लागले.

पुढे मदिनेच्या काळात कुराणातल्या सूरह अल-अहझाबमधल्या आयती आल्या. त्यांचा आशय असा : तोंडाने म्हटल्याने कुणी कुणाचा मुलगा होत नाही; दत्तक मुलांना त्यांच्या जन्मदात्या बापांच्या नावाने हाक मारा; बाप माहीत नसतील, तर ते तुमचे धर्मबंधू आहेत. त्या दिवसापासून झैद पुन्हा झैद इब्न हारिसा झाला. मुहम्मद पैगंबरांच्या सहकाऱ्यांपैकी कुराणात नावाने उल्लेख असलेला हा एकमेव माणूस.

याचा अर्थ पोरकं मूल दूर लोटायचं असा मात्र कुणी काढला नाही. पैगंबर स्वतः पोरके होते. जन्माआधी वडील गेले, सहाव्या वर्षी आई आमिना, आठव्या वर्षी आजोबा अब्दुल मुत्तलिब. नंतर काका अबू तालिब यांनी त्यांना वाढवलं. अनाथाचा सांभाळ करणारा स्वर्गात आपल्या अगदी निकट असेल, असं त्यांनी शेजारची दोन बोटं दाखवून सांगितल्याची हदीस जगभरातल्या मुस्लिम घरांत सांगितली जाते. अनाथाचा माल खाणाऱ्याला कुराणात अत्यंत कडक इशारे आहेत. म्हणजे दोन आज्ञा एकाच वेळी उभ्या राहिल्या : मुलाला जवळ घे, आणि त्याची मूळ ओळख पुसू नकोस. कफाला या दोन आज्ञांच्या मधोमध उभा आहे.

आपल्याकडचा उलटा प्रवास

मराठी वाचकाला हे किती वेगळं आहे ते कळायला बडोद्याकडे पाहावं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा २७ मे १८७५ रोजी महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक बसला आणि सयाजीराव गायकवाड झाला. नाव बदललं, आईबाप बदलले, वारसा बदलला. हिंदू धर्मशास्त्रातला दत्तक म्हणजे एका कुळातून पूर्ण निघून दुसऱ्या कुळात पूर्ण प्रवेश. वंश चालावा, पिंडाला हात लागावा, गादी रिकामी राहू नये, ही त्यामागची निकड. या निकडीवरच घाव घालून डलहौसीने १८४८मध्ये साताऱ्याचं दत्तकविधान नामंजूर केलं आणि राज्य खालसा केलं. दत्तकावर सरकारने घातलेलं बंधन काय उलथापालथ करू शकतं, हे महाराष्ट्राला कुणी वेगळं सांगायला नको.

आपल्या परंपरेतला दत्तक घराण्याची गरज भागवायला जन्माला आला. तिथे मूल घराण्यासाठी आणलं जाई, म्हणून त्याला घराण्याचंच व्हावं लागे. कफाल्यात घराण्याला काहीच मिळत नाही. वंश चालत नाही, नाव पुढे जात नाही. मिळतं ते फक्त मुलाला. दोन समाजांनी एकाच पोरक्या मुलासमोर उभं राहून दोन वेगळे प्रश्न विचारले आणि त्यामुळे दोन वेगळी उत्तरं आली.

कायदा कसा चालतो

मोरोक्कोचा आजचा कफाला कायदा २००२चा, क्रमांक १५-०१. तो वाचताना जाणवतं की मूल एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याआधी किती दारं उघडावी लागतात. मूल सापडलं की सरकारी वकील चौकशी करतो. न्यायालय आधी अंतरिम निर्णय देतं आणि त्याची माहिती स्थानिक कचेऱ्यांत तीन महिने लावून ठेवली जाते. कुणी आईबाप पुढे आले तर मूल त्यांचं. कुणी आलं नाही तरच ते ‘सोडून दिलेलं मूल’ ठरतं. मग पालक होऊ इच्छिणाऱ्यांची चौकशी समिती करते. कफील मुस्लिम असावा लागतो. विवाहित जोडपं किंवा एकटी मुस्लिम स्त्री अर्ज करू शकते. परदेशी जोडप्यांपैकी काहींनी या अटीसाठी इस्लाम स्वीकारला होता. बारा वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमती लागते. शेवटचा आदेश अल्पवयीनांच्या पालकत्वाचं काम पाहणारा न्यायाधीश देतो, आणि मूल घरी गेल्यावरही लक्ष ठेवणं त्याच्याकडेच असतं.

याच कायद्याचं २४वं कलम पुढच्या सगळ्या गुंत्याचं मूळ आहे. न्यायाधीशाने परवानगी दिली तर कफील मुलाला घेऊन कायमचा परदेशी जाऊ शकतो, आणि तिथे मुलावर लक्ष मोरोक्कोच्या वाणिज्य दूतावासाने ठेवायचं. कायद्यानेच दार उघडं ठेवलं होतं. २०१२च्या परिपत्रकाने ते अडवलं.

कफाला मूल सज्ञान होईपर्यंत असतो. अविवाहित मुलगी आणि अपंग मूल यांच्यासाठी तो पुढेही चालू राहतो. जन्मदात्या आईबापांची परिस्थिती पालटली, तर मूल परत मागायची वाटही कायद्यात आहे. दत्तक म्हणजे कायमची गाठ असं मानणाऱ्या माणसाच्या मनात इथे धस्स होतं. कफालाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे लपवू नये : या नात्याला कायद्याचं पुरं कवच नाही. शिवाय मोरोक्कोत लग्नाबाहेरचे संबंध हा दंडविधानानुसार गुन्हा आहे. अविवाहित आई बाळ सोडून देते, तेव्हा बहुतेकदा तिच्यासमोर दुसरी वाट समाजाने ठेवलेलीच नसते. मुलाचा वंश जपणारी व्यवस्था त्याच्या आईला मात्र जपत नाही, हे दुखणं खरं आहे.

दूध आणि तिसरा हिस्सा

कायद्याने वंशाचं दार बंद केलं, पण माणसांनी आणि फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मकायद्याच्या, अभ्यासकांनी आतल्या आत किती वाटा शोधल्या, हे पाहिलं की आश्चर्य वाटत राहतं.

पहिली अडचण रोजच्या वावराची. घरी आणलेला मुलगा मोठा झाला की पालक आईच्या दृष्टीने तो परका पुरुष ठरतो. मुलगी पालक बापाच्या दृष्टीने परकी स्त्री. पडद्याचे, एकत्र वावराचे नियम लागू होतात. यावर उत्तर आहे दुधाचं. इस्लामी कायद्यात दूध पाजल्याने नातं तयार होतं. दोन वर्षांच्या आतलं बाळ एखाद्या स्त्रीचं दूध प्यायलं, तर ती त्याची दूध-आई होते आणि तिची मुलं त्याची दूध-भावंडं. त्यांच्यात लग्न होऊ शकत नाही, म्हणून परकेपणाही उरत नाही. किती वेळा पाजावं यावर पंथांत मतभेद आहेत : शाफई मत पाच वेळा म्हणतं, हनफी मताला एकदाही पुरेसं आहे. खुद्द पैगंबरांची दूध-आई हलीमा होती. म्हणून आज कितीतरी कफील स्त्रिया औषधोपचार घेऊन, आपल्या पोटी न जन्मलेल्या बाळासाठी स्वतःला दूध आणायचा प्रयत्न करतात. कुणाची बहीण त्या बाळाला पाजते. कागद जे नातं देत नाही, ते शरीर देतं.

दुधाला एवढं बळ दिल्याचे परिणाम दूरवर गेले. १९८५मध्ये जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने मातृदुग्धपेढ्यांच्या विरोधात ठराव केला, कारण अनेक स्त्रियांचं दूध एकत्र झालं की कोण कुणाचं दूध-भावंड हेच कळेनासं होईल. त्यानंतर चारच वर्षांनी, १९८९मध्ये, मुंबईत सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली आणि असंख्य अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तिने आधार दिला. एका ठिकाणी दूध म्हणजे औषध, दुसऱ्या ठिकाणी दूध म्हणजे गोत. दोन्ही ठिकाणी त्याला किती गंभीरपणे घेतलं गेलं आहे!

दुसरी अडचण वारशाची. इस्लामी वारसा कायद्यात वारसांचे हिस्से ठरलेले असतात आणि कफाल्यातलं मूल त्या यादीत नसतं. पण आपल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत मृत्युपत्राने वारस नसलेल्याला देता येतं, आणि जिवंतपणी बक्षीस देता येतं. इंडोनेशियाने १९९१च्या इस्लामी कायद्याच्या संहितेत याच्याही पुढे पाऊल टाकलं : सांभाळलेल्या मुलासाठी मृत्युपत्र केलं नसलं, तरी ते केलं आहे असं मानून एक तृतीयांशापर्यंत हिस्सा देता येतो.

तिसरी अडचण नावाची. शाळेच्या पटावर मुलाचं आडनाव वेगळं, पालकांचं वेगळं. वर्गातलं प्रत्येक मूल विचारणार. अल्जीरियाने जानेवारी १९९२मध्ये हुकूम काढून बाप अज्ञात असलेल्या मुलाला कफीलाचं आडनाव लावायची मुभा दिली. वंश तोच, वारसा नाही, फक्त आडनाव जुळतं. ट्युनिशियाने तर १९५८मध्येच वेगळी वाट धरली आणि कफालाबरोबर पूर्ण दत्तकही कायदेशीर केलं. ‘इस्लामी कायदा’ म्हणजे एकच दगडी भिंत असं मानणाऱ्यांनी ही यादी पाहावी.

सीमेवर काय होतं

देशाच्या आत कफाला चालतो. तो विमानात बसतो तेव्हा प्रश्न सुरू होतात.

१९८९च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत विसाव्या कलमात कुटुंबाला पारख्या झालेल्या मुलासाठी पर्याय दिले आहेत. दत्तकाच्या बरोबरीने तिथे इस्लामी कायद्यातल्या कफालाचं नाव आहे. जवळपास सगळ्या जगाने मान्य केलेल्या करारात तो शब्द बसला. पण १९९३मध्ये हेग इथे परदेशी दत्तकासाठी करार झाला, त्याने फक्त आईबाप-मूल असं कायमचं नातं निर्माण करणारी दत्तकंच घेतली. कफाला बाहेर राहिला. १९९६च्या हेग करारात तो पुन्हा आला : त्याच्या ३३व्या कलमानुसार मूल कफाल्यात परदेशी पाठवायचं असेल, तर आधी तिथल्या यंत्रणेला अहवाल देऊन तिची संमती घ्यायची. मोरोक्को या कराराचा सदस्य आहे.

युरोपात पोचल्यावर कफीलाच्या हातातल्या कागदाला काय म्हणायचं? फ्रान्सने ६ फेब्रुवारी २००१च्या कायद्याने ठरवलं की, ज्या मुलाच्या मूळ देशाचा कायदा दत्तकाला बंदी करतो, त्याला फ्रान्समध्येही दत्तक घेता येणार नाही. हेतू मूळ देशाचा मान राखण्याचा होता. पण घरात तीन मुलं असली, दोन रशियातून दत्तक आणि एक अल्जीरियातून कफाल्यात, तर एकाच घरातल्या भावंडांचे हक्क दोन तऱ्हांचे होतात. अल्जीरियात सोडून दिलेल्या एका मुलीला वाढवणाऱ्या फ्रेंच स्त्रीने हा प्रश्न थेट स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात नेला. ४ ऑक्टोबर २०१२ रोजी निकाल तिच्या विरुद्ध गेला. न्यायालय म्हणालं की, फ्रान्स कफाला मानतो, आणि मुलाला फ्रेंच नागरिकत्व मिळालं की दत्तकाची बंदी आपोआप सुटते. हे नागरिकत्व मिळायला तेव्हा पाच वर्षं सांभाळावं लागे. २०१६मध्ये ती मुदत तीन वर्षांवर आली. म्हणजे मूल आधी फ्रेंच होतं आणि मग मुलगी किंवा मुलगा होतं.

या निकालाची तारीख पाहा. मोरोक्कोचं परिपत्रक आणि स्ट्रासबर्गचा निकाल यांच्यात जेमतेम पंधरा दिवसांचं अंतर आहे. भूमध्य समुद्राच्या दोन किनाऱ्यांवर, एकमेकांना न विचारता, त्याच मुलांबद्दल निर्णय होत होते.

युरोपीय संघाच्या न्यायालयासमोर आणखी एक प्रकरण आलं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या फ्रेंच जोडप्याने अल्जीरियात कफाल्यात घेतलेल्या मुलीला ब्रिटनने प्रवेश नाकारला होता. ती त्यांची ‘वंशज’ आहे का? २६ मार्च २०१९च्या निकालात न्यायालयाने म्हटलं : वंशज नाही, पण कुटुंबातली आहे, तेव्हा तिचं हित पाहून तिचा प्रवेश सुकर करा. सातव्या शतकातल्या मदिनेत झैदबद्दल जे ठरलं, तेच एकविसाव्या शतकात लक्झेंबर्गच्या न्यायमूर्तींनी आपल्या भाषेत लिहिलं : वंश वेगळा, घर एकच.

रबातची बाजू

आता परिपत्रकाकडे पुन्हा वळू. ते निव्वळ कर्मठपणातून निघालं असं म्हणणं सोपं आहे, पण अन्यायाचं होईल. त्यामागची शंका खरी होती. मोरोक्कोचा न्यायाधीश कफाला देतो, तो मुलाचं नाव, नागरिकत्व, धर्म आणि वंश टिकेल या अटीवर. मूल माद्रिदला किंवा शिकागोला पोचलं की तिथलं न्यायालय त्याचं पूर्ण दत्तकात रूपांतर करू शकतं. मग नाव नवं, आईबाप नवे, मूळ धागा तुटलेला. वाणिज्य दूतावासातला कर्मचारी घरोघर फिरून यावर नजर ठेवू शकत नाही. दिलेला शब्द पाळला जाणार नसेल, तर द्यायचा कशाला, असा तो प्रश्न होता.

दुसऱ्या बाजूला बालकेंद्रांत वाट पाहणारी मुलं होती. काही कुटुंबं महिनोन्‌महिने मोरोक्कोत राहिली. स्पेनमध्ये हा राष्ट्रीय चर्चेचा विषय झाला. तडजोडीचा धागा पुढे आला तो असा की, स्पेनने कफालाला कफालाच मानावं आणि मोरोक्कोला मुलांची खुशाली कळत राहावी. जुलै २०१३मध्ये राजे हुआन कार्लोस रबातच्या भेटीला गेले, तेव्हा अडकलेल्या कुटुंबांचा प्रश्नही पटलावर होता. पुढे २०१५च्या दुरुस्तीने स्पेनने आपल्या परदेशी दत्तकाच्या कायद्यात हे तत्त्व स्पष्ट लिहिलं : ज्या मुलाचा राष्ट्रीय कायदा दत्तक मानत नाही, त्याचं दत्तक इथेही होणार नाही.

आपणही हे करून पाहिलं आहे

हे सगळं दूरचं वाटत असेल, तर भारताचा इतिहास आठवावा. १९५६चा दत्तक कायदा फक्त हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यासाठी होता. मुंबईतलं पारशी जोडपं, वसईचं ख्रिस्ती जोडपं, भिवंडीचं मुस्लिम जोडपं यांना मूल हवं असलं, तर हाती होता १८९०चा पालक आणि पाल्य कायदा. त्याने मूल पाल्य व्हायचं, आपण पालक. मूल अठराचं झालं की तेही संपायचं. वारसा नाही. बारकावे वेगळे असले, तरी घराच्या आत हा आपला कफालाच होता.

परदेशी जोडपी भारतातून मूल नेत, तीही याच कायद्याने. मुंबईसारख्या उच्च न्यायालयांतून पालकत्वाचा आदेश घ्यायचा, मूल न्यायचं आणि आपल्या देशात दत्तक करायचं. गैरप्रकारांच्या बातम्या वाचून वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी १९८२मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायमूर्ती पी. एन. भगवतींनी १९८४मध्ये दिलेल्या निकालाने परदेशी दत्तकाला पहिली शिस्त आली : आधी देशात घर शोधा, संस्थांना मान्यता द्या, मूल परदेशी गेल्यावर दोन वर्षांत ते रीतसर दत्तक झालं पाहिजे, अहवाल येत राहिले पाहिजेत. या निकालातूनच केंद्रीय दत्तक यंत्रणा उभी राहिली. मोरोक्कोला २०१२मध्ये जी भीती वाटली, ती भारताला तीस वर्षं आधी वाटली होती. भारताने दत्तक होण्याचा आग्रह धरला, मोरोक्कोने न होण्याचा. पण मूल डोळ्यांआड झाल्यावर त्याचं काय होतं, हे कळलंच पाहिजे हा आग्रह एकच.

सर्व धर्मांसाठी एक दत्तक कायदा करायचे संसदेतले १९७२ आणि १९८०चे प्रयत्न विरोधामुळे बारगळले. शेवटी २०००च्या बालन्याय कायद्याने आणि २००६च्या दुरुस्तीने धर्म न पाहता दत्तकाची वाट खुली केली. १९ फेब्रुवारी २०१४ रोजी शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती पक्की केली. मुस्लिम व्यक्तिगत कायदा मंडळाने त्या खटल्यात कफालाची बाजू मांडली होती. न्यायालयाने दोन्हींना जागा दिली : ज्याला आपल्या धर्माच्या नियमाने चालायचं आहे त्याने तसं चालावं, ज्याला दत्तक घ्यायचं आहे त्याला कायदा हात देतो. दत्तक घेण्याची सक्ती नाही आणि मज्जावही नाही. माझ्या मते आपल्या न्यायालयाने दिलेल्या शहाण्या निकालांपैकी हा एक.

जग कुठे चाललं आहे

दत्तक घेणारं जगही या काळात बदललं. अमेरिकेत २००४ साली सुमारे २३ हजार मुलं परदेशातून दत्तक आली. आज तो आकडा दीड हजाराच्याही खाली आहे. नेदरलँड्सने खोट्या कागदपत्रांचा आणि मुलांच्या व्यापाराचा अहवाल समोर आल्यावर २०२१मध्ये परदेशी दत्तक थांबवलं. चीनने २०२४मध्ये आपली मुलं परदेशी देणं जवळपास बंद केलं. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने २०२५मध्ये मान्य केलं की, दत्तक पाठवलेल्या अनेक मुलांची जन्माची माहिती खोटी केली गेली होती. आईबाप असलेल्या मुलांना अनाथ दाखवलं गेलं. आज चाळिशी-पन्नाशीत असलेली ही मुलं सोलला येऊन आपली आई शोधतात. मुंबई-पुण्यातही युरोपातून आलेली अशी माणसं जुन्या संस्थांची दारं ठोठावत असतात.

ती काय शोधतात? बहुतेकांना वाढवणाऱ्या आईबापांचं प्रेम भरभरून मिळालेलं असतं. त्यांना हवं असतं ते आपल्या जन्माचं खरं. बालहक्क संहितेचं सातवं आणि आठवं कलम हाच हक्क सांगतं : शक्य तिथवर आपले आईबाप जाणून घेण्याचा, आपली ओळख राखण्याचा. दत्तकाच्या आधुनिक विचाराने हे मान्य करायला कितीतरी पिढ्या घेतल्या. मूल मोठं झाल्यावर त्याला सत्य सांगा, नोंदी जपा, हे आज प्रत्येक दत्तक संस्था शिकवते. कफाला पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता.

त्याच वेळी दत्तकाने जे शिकवलं ते कफालालाही शिकायला हवं : मुलाला कायमचेपण लागतं. अठराव्या वर्षी संपणारं, न्यायाधीशाच्या सहीने रद्द होणारं नातं मुलाच्या मनात धाकधूक ठेवतं. इंडोनेशियाचा तिसरा हिस्सा, अल्जीरियाचं आडनाव, ट्युनिशियाचं दत्तक ही त्याच दिशेने पडलेली पावलं आहेत.

म्हणून सरकारांकडून अपेक्षा अवघड नाही. मुलं पाठवणाऱ्या देशाने सरसकट दार लावण्याऐवजी १९९६च्या करारातली वाट वापरावी : आधी अहवाल, दोन्ही देशांची संमती, मग प्रवास, आणि नंतरची देखरेख. मुलं घेणाऱ्या देशाने कफालाला दत्तकाच्या साच्यात कोंबू नये आणि कचऱ्याच्या टोपलीतही टाकू नये. व्हिसा, शाळा, दवाखाना, नागरिकत्व या चार ठिकाणी त्याला कुटुंब म्हणून ओळखावं. आणि आपण, वाचकांनी, ‘हे मूल तुमचं स्वतःचं का?’ हा प्रश्न कुठल्याही घरात, कुठल्याही धर्माच्या माणसाला विचारणं आजपासून बंद करावं. मूल ज्या घरात रोज संध्याकाळी परत येतं, ते त्याचं घर आहे, आणि कायद्याने त्याला तिथे बिनघोर राहू द्यावं.